मोजणाऱ्याने वाचावयास शिकावे



उन्हाळ्यात लोकांनी एकत्र बसून काही शिकावे, ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, ती याच हेतूने. आज आम्ही उन्हाळ्यातल्याच एका निराळ्या शाळेविषयी बोलणार आहोत. आकड्यांच्या मोठ्या राशीतून अर्थ काढण्याचे जे शास्त्र आहे, ज्याला विदाविज्ञान म्हणतात, त्यातील संशोधनाची ही शाळा. आमची स्वतःची शाळा लवकर सुटली. गणित शिकलो ते पगारचिठ्ठीवर. पण आकड्यांनी ज्याच्या पोटावर पाय येतो, त्याने आकड्यांविषयी बोलू नये तर कोणी बोलावे?

पंचवीसेक वर्षांपूर्वी एका कारखान्यात आम्ही वाटाघाटीस बसलो होतो. साहेब म्हणाले, “येथील सरासरी पगार आसपासच्या कारखान्यांपेक्षा जास्त आहे.” आकडा खरा होता. आम्ही निरुत्तर झालो. त्या रात्री एका कामगाराचा कॉलेजात जाणारा मुलगा युनियनच्या कचेरीत कागद घेऊन बसला. “काका,” तो म्हणाला, “नऊ जणांना दहा-दहा हजार आणि दहाव्याला एक लाख दहा हजार मिळाले, तर सरासरी वीस हजार येते. पण वीस हजार मिळवणारा त्यांत एकही नाही. पगार क्रमाने लावा आणि मधला पाहा.” दुसऱ्या दिवशी आम्ही मधला पगार विचारला. साहेबांनी तो सांगितला नाही. पण सरासरीचे नावही पुन्हा काढले नाही.

ही लढाई जुनी आहे. महागाई भत्ता ज्या निर्देशांकावर ठरे, तो बाजारातील भावांशी जुळत नाही, अशी मुंबईच्या कामगारांची तक्रार होती. १९६३ साली प्रा. लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि निर्देशांकात दोष असल्याचे तिने दाखवून दिले. कामगाराला जे पिशवीवरून कळले होते, ते सिद्ध करावयास आकडा वाचणारा माणूस लागला.

आज तर कोणाला काम द्यावे, कोणाचे काम काढून घ्यावे, हेही यंत्र आकड्यांवरून ठरवू लागले आहे. एका बड्या अमेरिकन कंपनीने नोकरीचे अर्ज निवडणारे यंत्र तयार केले. जुन्या अर्जांवरून शिकल्यामुळे ते स्त्रियांना मागे सारू लागले, अशी बातमी २०१८ साली प्रसिद्ध झाली. आडात जे असेल तेच पोहऱ्यात येणार! म्हणून आड तपासणारी माणसे हवीत.

ती तयार कशी होतात? अमेरिकेतील राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठान १९८७ पासून पदवीपूर्व विद्यार्थ्यांसाठी उन्हाळी संशोधनाची केंद्रे चालविते. दहाएक मुले एका विद्यापीठात काही आठवडे राहतात आणि खऱ्या प्रश्नावर काम करतात. काही केंद्रांचा विषय विदाविज्ञान हाच असतो. शाळांतील शिक्षकांसाठीही अशीच योजना आहे. शिक्षक सुट्टीत प्रयोगशाळेत काम करतो आणि शिकलेले आपल्या वर्गासाठी धड्यात उतरवितो.

कामगार म्हणून आमचे लक्ष एका गोष्टीकडे गेले: तेथे शिकणाऱ्याला विद्यावेतन मिळते. ही कृपा नव्हे. गरिबाच्या मुलाला उन्हाळा हा सुट्टीचा नसून कमाईचा काळ असतो. त्याची मजुरी बुडवून तुम्ही त्याला फुकट शिकविले, तरी ते त्याला महागच पडते. पैसा न देता जे शिबिर ‘सर्वांना खुले’ म्हणविते, ते वस्तुतः खाऊनपिऊन सुखी असलेल्यांनाच खुले असते.

आपल्याकडेही देशातील तीन विज्ञान अकादम्यांनी मिळून विद्यार्थी व अध्यापक यांना उन्हाळ्यात दोन महिन्यांची संशोधन शिष्यवृत्ती देण्याचा चांगला पायंडा पाडला आहे. त्या वाटेने विदाविज्ञान खेड्यातील शाळामास्तरांपर्यंत गेले पाहिजे, असे आमचे म्हणणे आहे.

कारण पाहा. जनगणना आली की दारोदार कोण फिरते? मतदारयाद्या कोण तपासते? शाळेची पटसंख्या, मुलांची वजने, आहाराचा हिशेब कोण भरते? आमचे मास्तर आणि बाई! देशाचा आकडा ज्यांच्या हातून उगवतो, त्यांनाच त्याचे पुढे काय झाले हे कोणी दाखवीत नाही. कापूस पिकवणाऱ्याच्या अंगावर सदरा नसावा, तशी ही गत आहे.

आणि त्यांच्याजवळ जे ज्ञान आहे, ते विद्यापीठात नाही. रिकामा रकाना म्हणजे शून्य नव्हे. त्या दिवशी घराला कुलूप होते, माणसे ऊसतोडीला गेली होती, हे मास्तरांनाच ठाऊक असते. विद्यार्थ्याला यंत्र चालविता येते, मास्तरांना रकान्यामागचे घर दिसते. दोघांना एका बाकावर बसवा. गावातल्या नळाला पाणी किती वेळ येते, ऊसतोडीच्या हंगामात किती मुले शाळेतून गळतात, असे प्रश्न त्यांना घेऊ द्या. परत गेलेला एक विद्यार्थी एका घराला शहाणे करील. एक शिक्षक वर्षामागून वर्षे वर्गच्या वर्ग शहाणे करील.

तेव्हा आमची मागणी, आणि मागणीवाचून आमचे भाषण संपत नाही, अशी आहे: अशा शिबिरांत निम्म्या जागा शाळाशिक्षकांना द्या, प्रत्येकाला बुडालेल्या मजुरीइतके विद्यावेतन द्या, आणि शिकवणी मराठीतून द्या. मोजण्याचे काम आम्ही पिढ्यान् पिढ्या केले. आता वाचण्याचेही आम्हांला करू द्या.