मुलाचा ताप आणि निदानाचा विलंब
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



तुळजापूर तालुक्यातील तामलवाडी हे गाव सोलापूर-तुळजापूर हमरस्त्यावर आहे. येथील आजारी मूल एस.टी.ने सोलापूरला पोचते, म्हणून वैद्यकीय सोय हाताशी आहे असे मानण्याचा प्रघात पडला आहे. परंतु सोय रस्त्याच्या लांबीने मोजता येत नाही. पावसाळा सरताना चार वर्षांच्या मुलाला सडकून ताप भरतो, तेव्हा तो डेंग्यूचा, हिवतापाचा की साध्या पडशाचा, याचा अंदाज त्याच दिवशी यावा, हीच खरी सोय होय.

त्याचे साधन आज उपलब्ध आहे. डेंग्यूचा विषाणू रक्तात ‘एनएस-१’ नावाचे प्रथिन सोडतो. तापाच्या पहिल्या दिवसापासून साधारण पाचव्या दिवसापर्यंत ते सापडते. बोटाएवढ्या पट्टीवर रक्ताचे थेंब टाकले की पंधरा-वीस मिनिटांत रेघ उमटते. अर्थात, रेघ उमटली नाही म्हणजे डेंग्यू नाहीच, असे सिद्ध होत नाही. ज्या मुलाला पूर्वी एकदा डेंग्यू होऊन गेला आहे, त्याच्या बाबतीत पट्टी अधिक वेळा चुकते. म्हणूनच राष्ट्रीय कार्यक्रम पट्टीचा निष्कर्ष पक्का न धरता एलायझा चाचणीचा आग्रह धरतो. प्रतिपिंडे शोधणारे एलायझा संच पुण्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था तयार करून देशभर पुरविते, ही महाराष्ट्राला भूषणावह गोष्ट खरीच.

पण एलायझाला यंत्र लागते, प्रशिक्षित तंत्रज्ञ लागतो, आणि तिच्या तबकडीत ९६ खाचा असतात. दोन-चार नमुन्यांसाठी ती लावण्यापेक्षा नमुने साठेपर्यंत थांबण्याकडेच प्रयोगशाळेचा कल असतो. आकडेवारीला हा विलंब सोसतो, मुलाला सोसत नाही. डेंग्यूत धोक्याची घटका ताप उतरू लागतो तेव्हाच येते, बहुधा तिसऱ्या ते सातव्या दिवसांत. रक्तातील द्रव वाहिन्यांबाहेर झिरपतो, पोट दुखते, उलट्या थांबत नाहीत, हातपाय गार पडतात. ताप उतरला म्हणून आई निर्धास्त मनाने खुरपणीला जाते, आणि अहवाल त्यानंतर येतो!

दरम्यान प्रतिजैविके चालू झालेली असतात. विषाणूवर त्यांचा काडीइतका उपयोग नाही. आयबुप्रोफेनसारखे वेदनाशामक तर रक्तस्रावाचा धोका वाढविते. पट्टी खासगी प्रयोगशाळेत मिळते, पण तिचे मोल रोजंदारीच्या घराने भरावयाचे.

हिवतापाची अशीच पट्टी-चाचणी आशा कार्यकर्तीने गावातच करावी, हे शासनाने केव्हाच मान्य केले आहे. मग डेंग्यूची पट्टी, पक्क्या निदानाची जागा न घेता पहिला इशारा म्हणून, किमान उपकेंद्रात का असू नये? मात्र हे काम पुन्हा आशांच्या गळ्यात फुकट मारता कामा नये. मोबदल्याच्या मागणीसाठी २०२१ च्या जूनमध्ये, ऐन साथीत, महाराष्ट्रातील आशांना संपावर जावे लागले होते.

तेव्हा कार्यकर्त्यांनी ग्रामसभेत आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीत एवढेच विचारावे: गेल्या पावसाळ्यात मुलाचे रक्त घेतल्यापासून अहवाल हाती येईपर्यंत किती दिवस गेले? तारखा मागून घ्याव्यात. आणि पट्टीवर रेघ न उमटलेल्या मुलाला दुसऱ्या दिवशी घरी जाऊन कोण पाहणार, त्याचे नाव ठरावात लिहवून घ्यावे.