जांबवंताची भूमिका : मैदानावरील मुली आणि त्यांचा आत्मविश्वास

(पालक व क्रीडाशिक्षकांच्या मेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)



कबड्डीच्या मैदानावर चढाईला निघालेल्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलीकडे क्षणभर पाहावे. मध्यरेषा ओलांडली की ती एकटी असते. समोर सात जणी, हाताशी ३० सेकंद आणि छातीत भरून घेतलेला दम. कोपऱ्याकडे वळायचे की बोनससाठी पाय टाकायचा, गडी टिपायचा की सुखरूप परतायचे, याचा निर्णय तिने त्याच क्षणी आणि स्वतःच घ्यायचा असतो. काय घालावे, कुठे जावे, कोणाशी बोलावे हे घरात जिच्यासाठी इतरच ठरवतात, त्या मुलीला मैदान रोज बजावते की, आता तू ठरव. आत्मविश्वास घडतो तो इथे.

आत्मविश्वास म्हणजे धीटपणे बोलणे किंवा भीती न वाटणे, असा एक समज रूढ आहे. वारंवार कौतुक केले की तो वाढतो, हा दुसरा समज. दोन्ही अपुरे आहेत. आत्मविश्वास कोणी कोणाला बक्षीस म्हणून देऊ शकत नाही. 'हे काम अवघड होते, ते मी केले' या अनुभवाच्या साठ्यातून तो तयार होतो. मग वडीलधाऱ्यांचे काम कोणते? त्याचे उत्तर रामायणात सापडते.

जांबवंताने काय केले?

सीतामाईच्या शोधासाठी निघालेले वानरवीर समुद्रकिनारी हताश होऊन बसले होते. प्रत्येक जण आपली झेप किती, हे सांगत होता. मारुती मात्र एका बाजूला मूक बसला होता. तेव्हा वृद्ध जांबवंत त्याच्याजवळ गेला. 'तू फार मोठा आहेस' अशी मोघम स्तुती त्याने केली नाही. बालपणी सूर्याकडे घेतलेल्या झेपेची, म्हणजे मारुतीच्याच एका कृतीची त्याने आठवण करून दिली. मग कार्य नेमके कोणते ते सांगितले आणि उडी मात्र मारुतीलाच मारू दिली.

नेमकी आठवण, नेमके काम आणि नंतर बाजूला होणे, या तीन गोष्टी प्रत्येक पालकाने व प्रशिक्षकाने मनात ठेवाव्यात. 'छान खेळलीस' या शब्दांनी मुलगी सुखावते, पण तिच्या हाती काही लागत नाही. 'दुसऱ्या डावात दमलेली असूनही तू खांबाजवळ दिशा बदललीस, म्हणून गडी मिळाला', असे सांगितले तर तिला आपल्या सामर्थ्याचा पत्ता लागतो. रेषेबाहेरून मात्र अनेक पालक 'डावीकडे जा', 'मागे ये' असे सतत ओरडत असतात. ते मुलीची उडी स्वतःच मारू पाहतात. पुढे ती प्रत्येक चढाईआधी मैदानाकडे न पाहता वडिलांकडे पाहू लागते.

मैदान सुटते ते वय

पाचवी-सहावीत मुलींनी गजबजलेले मैदान आठवी-नववीत ओस पडू लागते. शाळाशाळांतून दिसणारे हे चित्र आहे. त्या वेळी मुलींची आवड संपलेली नसते, त्यांची अडचण सुरू झालेली असते. मासिक पाळी सुरू होते, पण मैदानाजवळ पाणी असलेले स्वच्छतागृह नसते. शरीर बदलते, त्यावर शेरे येतात. सराव संपेपर्यंत अंधार पडतो आणि घरी सोबत यायला कोणी नसते. दहावीचे वर्ष जवळ येते आणि सर्वांत आधी खेळावर गदा येते. बहुधा मुलीला विचारलेही जात नाही. अशी मुलगी 'तिलाच आवड राहिली नाही' या सदरात जमा होते.

यातील बहुतेक उपाय खर्चिक नाहीत. सरावाची वेळ अर्धा तास अलीकडे आणता येते. पालकांनी पाळी लावून मुलींना घरी सोडता येते. अंग झाकणारा, सुटसुटीत गणवेश मुलींच्या पसंतीने ठरवता येतो. पाळीविषयी प्रशिक्षकाने न संकोचता, ताप-सर्दीविषयी बोलावे तितक्या सहजतेने बोलावे. संघासोबत एखादी शिक्षिका किंवा माता असली तर मुलींचा निम्मा ताण उतरतो.

एक बाब तर थेट आरोग्याची आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १५ ते १९ वयोगटातील सुमारे ५९ टक्के मुलींमध्ये रक्ताल्पता आढळली. लवकर दमणारी, दुसऱ्या डावात मागे पडणारी मुलगी 'कच्च्या मनाची' ठरवली जाते. प्रत्यक्षात तिच्या रक्तात लोह कमी असू शकते. हंगामाच्या प्रारंभी हिमोग्लोबिनची साधी तपासणी, शाळेत मिळणाऱ्या लोहाच्या साप्ताहिक गोळ्या नियमित घेणे आणि ताटात पालेभाजी, कडधान्य व लिंबाची फोड असणे, ही आत्मविश्वासाची पहिली पायरी होय. भावाच्या ताटात जे पडते, तेच आणि तितकेच खेळणाऱ्या बहिणीच्या ताटातही पडले पाहिजे.

पराभव आणि भय

मणिपूरची मीराबाई चानू २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये क्लीन अँड जर्क प्रकारातील तिन्ही प्रयत्नांत अपयशी ठरली. तिच्या नावापुढे एकूण वजनाची नोंदच झाली नाही. पुढच्याच वर्षी ती विश्वविजेती झाली आणि २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये एकूण २०२ किलो वजन उचलून तिने रौप्यपदक मिळवले. अपयशानंतर तिच्यासाठी व्यायामशाळेचे दार उघडे राहिले, ही बाब पदकाइतकीच मोलाची आहे.

मुंबईच्या जेमिमा रॉड्रिग्जचे उदाहरण अधिक अलीकडचे. २०२५ च्या विश्वचषकात तिला एका सामन्यातून वगळण्यात आले होते. उपांत्य फेरीत ऑस्ट्रेलियाविरुद्ध ३३९ धावांचे लक्ष्य गाठताना तिने नाबाद १२७ धावा केल्या. त्यानंतर, आपण या स्पर्धेत अनेकदा रडलो आणि मनातील चिंतेशी झुंजत होतो, हे तिने जगासमोर मोकळेपणाने सांगितले. भय असतानाही पाय पुढे टाकणे हाच खरा आत्मविश्वास, हे प्रत्येक मुलीला सांगण्यासारखे आहे. म्हणून हरून आलेल्या मुलीला गाडीत बसताच चुका मोजून दाखवू नयेत. आधी पाणी द्यावे, जेवू घालावे. दुसऱ्या दिवशी 'तुला काय वाटते, कुठे चुकले?' असे विचारावे आणि तिचे उत्तर पूर्ण ऐकावे.

ऐकण्याचा आणखी एक, गंभीर अर्थ आहे. एखाद्या व्यक्तीचे वागणे, स्पर्श किंवा बोलणे खटकते, असे मुलीने सांगितले तर तिच्यावर विश्वास ठेवावा आणि लगेच पावले उचलावीत. 'संघातून काढतील, गप्प राहा' हे एक वाक्य तिचा वर्षानुवर्षांचा आत्मविश्वास धुळीस मिळवते. नकार देण्याचे बळही मैदानावर शिकता आले पाहिजे.

पदकापलीकडे

माण तालुक्यातील मोही या दुष्काळी गावच्या ललिता बाबरची सुरुवात खो-खोपासून झाली. पुढे ती धावपटू झाली आणि रिओत ३,००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत दहावी आली. पदक मिळाले नाही, परंतु १९८४ मध्ये पी. टी. उषाने केलेल्या पराक्रमानंतर ऑलिम्पिकमधील धावण्याच्या शर्यतीची अंतिम फेरी गाठणारी ती पहिली भारतीय महिला ठरली. तिच्या पहिल्या खेळाला, त्या मातीतल्या खो-खोला, जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक लाभला आणि महाराष्ट्राच्या प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखाली भारतीय महिलांनी तो जिंकला.

तरीही प्रत्येक मुलगी ललिता किंवा प्रियांका होणार नाही, आणि व्हायलाच हवी असेही नाही. क्रीडाशिक्षकांनी कर्णधारपद आळीपाळीने द्यावे, सरावसामन्यात पंचाची शिट्टी मुलींच्या हाती द्यावी, राखीव खेळाडूलाही निश्चित जबाबदारी द्यावी. घरी परतलेल्या मुलीला 'जिंकलीस का?' याआधी 'आज तू काय ठरवलेस?' असे विचारले जावे. चौदाव्या वर्षी सात जणींसमोर एकटीने उभी राहिलेली मुलगी उद्या मुलाखतीच्या दालनात, ग्रामसभेत किंवा स्वतःच्या संसारात आपले म्हणणे शांतपणे मांडू शकेल. कुटुंब आणि समाज अशाच स्त्रियांच्या बळावर उभे राहतात.

मारुतीने झेप घेतली तेव्हा जांबवंत किनाऱ्यावर थांबला होता. थांबणे त्याला सोपे गेले असेल असे नाही. येत्या हंगामात मुलगी मध्यरेषा ओलांडेल, तेव्हा रेषेबाहेरच्या प्रत्येक पालकाने तेवढे थांबणे साधावे, हीच अपेक्षा.