हारतुऱ्यानंतर काय?

(अंबरनाथ येथे दहावी-बारावी उत्तीर्ण विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



आत्ता सत्कार झाला. नारळ झाला, पेन झालं, फोटो निघाले. चांगलं झालं. वस्तीनं आपल्या पोराची पाठ थोपटायचीच. पण हार उद्या सुकतो आणि फी परवा भरायची असते. म्हणून मी हाराच्या नंतरचं बोलणार आहे.

असाच एक सत्कार मुंबईत झाला होता. साल 1907. भीमराव रामजी आंबेडकर मॅट्रिक झाले. मार्क किती? 750 पैकी 282. आजच्या कटऑफच्या यादीत हा पोरगा शेवटच्या फेरीतही दिसला नसता! त्याला संस्कृत शिकायचं होतं. अस्पृश्याच्या पोराला संस्कृत मिळेना, म्हणून फारसी घेतली. सत्काराचे अध्यक्ष होते सी. के. बोले. याच बोल्यांनी 1923 साली मुंबईच्या कौन्सिलात सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव आणला आणि तो कागदावरून पाण्यापर्यंत न्यायला 1927 साली महाडचं चवदार तळं गाठावं लागलं.

त्या सत्कारात केळुस्कर गुरुजींनी स्वतः लिहिलेलं गौतम बुद्धाचं चरित्र पोराच्या हातात ठेवलं. एका पुस्तकानं काय होतं, असं कुणी विचारलं तर त्याला 14 ऑक्टोबर 1956 चं नागपूर दाखवा.

पण गुरुजी पुस्तक देऊन घरी गेले नाहीत. पुढं पैशाची ओढाताण झाली तेव्हा त्यांनीच या पोराला सयाजीराव महाराजांपर्यंत नेलं. महिना 25 रुपये शिष्यवृत्ती मिळाली. घर म्हणजे परळच्या चाळीतली खोली. पोरगा लवकर झोपायचा, बाप जागा राहायचा आणि रात्री दोनला त्याला अभ्यासाला उठवायचा. एल्फिन्स्टन कॉलेजातला हॉटेलवाला चहापाणी देत नव्हता. तिथलेच प्राध्यापक म्युलर पुस्तकं देत होते, कपडेही देत होते. 1912 साली पोरगा बी. ए. झाला.

आता हिशेब मांडा. जिद्द पोराची, जागरण बापाचं, पुस्तक गुरुजींचं, पैसा बडोद्याचा. ‘जिद्द असली की सगळं होतं’ असं स्टेजवरून सांगणारे लोक बाकीचे तीन आकडे गिळतात. जिद्द आपल्या पोरांत कधीच कमी नव्हती. कमी पडतात ते बाकीचे तीन. ते उभे करणं हेच चळवळीचं काम आहे.

आता आपलं गाव बघा. शिवमंदिर शके 982 चं, म्हणजे 1060 सालचं, हे तुम्ही पाठ केलंय. दगड कोणी वाहिले ते पुस्तकात नाही. पुढं इथली घरं विमकोच्या काडेपेटीवर आणि ऑर्डनन्सच्या भोंग्यावर चालली. दहावी झाला की आयटीआय, नाहीतर अप्रेंटिस. मग पर्मनंट. मग लग्न. आज विमको बंद, नुसतं नाक्याला नाव उरलंय. 1 ऑक्टोबर 2021 ला ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड मोडून त्याच्या 7 सरकारी कंपन्या झाल्या. एमायडीसीत ठेकेदार विचारतो, उद्यापासून येतोस का? पगारपत्रक मागू नको. बापाला ज्या दारातून आत घेतलं, ते दार पोरासाठी अरुंद झालंय. म्हणून कॉलेज आता चैन राहिलेली नाही.

आणि कॉलेजात काय होतं? मी मराठी शाळेतून सायन्सला गेलो. ‘त्वरण’ मला येत होतं. ‘अ‍ॅक्सिलरेशन’ आलं तेव्हा सगळा वर्ग पुढं गेला आणि मी बाकावरच राहिलो असं वाटलं. दोन महिन्यांनी कळलं, हा आपला जुनाच दोस्त, सुटाबुटात आलाय! हे तुमच्यातल्या पुष्कळांचं होणार. तुम्ही ढ नाही. तुम्हाला भाषा बदलायला वेळ लागतोय. वेळ मागा.

हजेरी घेताना एखादा मास्तर आडनावावर थांबतो. ‘गाव कोणतं?’ विचारतो. तो गाव विचारत नसतो. स्कॉलरशिपच्या खिडकीवर ‘उद्या या’ ऐकू येतं. आम्हालाही आलं. तिसऱ्या उद्याला आम्ही सहा जण गेलो. म्हणालो, नाही कशाला म्हणता, ते लेखी द्या. त्या दिवशी उद्याचा आज झाला! खाली मान घालून हॉलमध्ये बसणारे आम्ही, त्या खिडकीवर मोठे झालो. व्यक्तिमत्त्व विकासाचे क्लास लावणारे टाय बांधायला शिकवतात, आवाज काढायला शिकवत नाहीत.

म्हणून कान देऊन ऐका. मॅट्रिकनंतरची शिष्यवृत्ती ही मेहेरबानी नाही. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना बाबासाहेबांनी सरकारकडून मिळवलेला हा पैसा आहे. योजना 1944 सालापासूनची. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधारला जोडलेलं बँकखातं आत्ताच तयार ठेवा. अर्ज महाडीबीटीवर भरायचा. उत्पन्न मर्यादेच्या वर गेलं तर फ्रीशिप आहे, तिची चौकशी करा. सायन्सवाल्यांनी जात वैधतेचा अर्ज आधीच घालावा, निकालानंतर धावपळ करू नये.

आयाबापांनो, एक तुम्हाला. पोरगी अकरावीला जाते, बारावी होते, मग ‘लोकलला गर्दी फार’ म्हणून थांबते. गर्दी पोरालाही तेवढीच असते. गर्दीचा उपाय चार पोरींनी एकत्र जाणं हा आहे. तिला घरात बसवणं हा नाही.

शेजारी उल्हासनगर बघा. फाळणीत उठवलेले सिंधी लष्कराच्या रिकाम्या बराकीत आले. 1949 साली त्या कँपाला नाव मिळालं आणि 1965 साली तिथं चांदीबाई कॉलेज उभं राहिलं. उठवलेल्या माणसाला शाळेची किंमत कळते. बाबासाहेबांनी 1945 साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, 1946 साली सिद्धार्थ कॉलेज. नोकरी करणाऱ्या पोराला शिकता यावं म्हणून वर्ग सकाळी भरवले. पोराच्या वेळेप्रमाणं कॉलेज बदललं! हे लक्षात ठेवा. नेहमी तुम्हीच बदलायचं, असा नियम नाही.

शेवटचं. 17 जानेवारी 2016 ला हैदराबादला रोहित वेमुला गेला. त्याचं विद्यावेतन कित्येक महिने अडकलं होतं. आपण त्याचे फोटो लावतो. फोटो लावायच्या आधी पोराशी बोलायला शिकू. कॉलेजात कुणी अपमान केला, फी अडली, नापास झालात, झोप उडाली, तरी इथं या. रात्री या. एकट्यानं गिळू नका. नापास होणं हा गुन्हा नाही आणि आपली पोरं आपल्याला मार्कांपेक्षा प्यारी आहेत.

उद्यापासून दर रविवारी विहारात आम्ही बसणार. सीनियर पोरं फॉर्म भरून देतील. मागल्या वर्षीची पुस्तकं गोळा झालीत, ती घेऊन जा आणि वर्षानं परत आणा. पुस्तक परत आणणारा हात पुढच्या पोराचा केळुस्कर होतो.

भाषण संपलं. दाखले बाहेर काढा. कुणाकडं काय कमी आहे ते आत्ताच लिहून घेऊ.

जयभीम!