संशयाला कारण हवे



दिवा हे जंक्शन. एका बाजूस वसई, दुसऱ्या बाजूस पनवेल आणि मधून मुंबई-कल्याणचा लोहमार्ग. रात्री उशिराच्या लोकलने येथे उतरणाऱ्यांत सुतार, प्लंबर, सुरक्षारक्षक, रात्रपाळी संपवून परतणारे असे श्रमजीवीच अधिक. यांपैकी एखाद्या सुतारास गस्तीवरील पोलिसाने हटकले आणि “पिशवीत काय आहे?” असे विचारले, तर त्याने काय करावे? निमूटपणे मागे चालू लागावे की हुज्जत घालावी? कायद्याचे उत्तर या दोहोंहून निराळे आहे.

प्रथम हे मान्य केले पाहिजे की, हटकण्याचा अधिकार पोलिसांना हवाच. ११ जुलै २००६ रोजी पश्चिम रेल्वेच्या सात लोकल गाड्यांत बॉम्बस्फोट झाले. ते भोगलेल्या या महानगरात पोलिसाने संशयास्पद हालचालीकडे डोळेझाक करावी, असे कोणीही सुज्ञ माणूस म्हणणार नाही. प्रश्न अधिकार असावा की नसावा हा नाही. तो कशाच्या आधारे वापरावा, हा आहे.

१ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली. तिच्या कलम ३५ नुसार दखलपात्र गुन्ह्याबाबत वाजवी तक्रार, विश्वसनीय माहिती अथवा वाजवी संशय असल्यास वॉरंटाविना अटक करता येते. मात्र सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात अटक का आवश्यक आहे, याची कारणे लिहून ठेवावी लागतात. अटकेची गरज नसेल, तर हजर राहण्याची नोटीस द्यावी लागते.

रात्रीच्या गस्तीपुरते पाहावयाचे, तर महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ मधील कलम १२२ महत्त्वाचे. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत गुन्ह्याच्या उद्देशाने घातक शस्त्र बाळगणे वा तोंड झाकून वावरणे, समाधानकारक खुलासा न देता दुसऱ्याच्या घरात आढळणे, योग्य कारणाविना घरफोडीची हत्यारे जवळ असणे हे त्यानुसार गुन्हे होत. यातील ‘योग्य कारणाविना’ हे शब्द लक्षात घ्यावेत. सुताराच्या पिशवीतील पटाशी आणि हातोडा ही त्याच्या पोटाची साधने आहेत. त्याने नाव, पत्ता आणि कामाचे ठिकाण शांतपणे सांगावे. पोलिसानेही ते शांतपणे ऐकून घ्यावे. कायद्याला अभिप्रेत आहे तो हा संवाद.

“ठाण्यात चल” या शब्दांनाही मर्यादा आहे. साक्षीदार म्हणून बोलवावयाचे, तर कलम १७९ नुसार लेखी आदेश लागतो. स्त्रिया, पंधरा वर्षांखालील मुले, साठ वर्षांवरील पुरुष, दिव्यांग आणि गंभीर आजारी यांना त्यांच्या राहत्या घराबाहेर हजर राहण्याची सक्ती करता येत नाही. नंदिनी सत्पथी या ओडिशाच्या माजी मुख्यमंत्री. त्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली स्पष्ट केले की, स्वतःस गुन्ह्यात गोवणाऱ्या प्रश्नाचे उत्तर देण्यास कोणासही भाग पाडता येत नाही. प्रत्यक्ष अटक झालीच, तर तिची कारणे सांगणे, आप्तांना कळवणे आणि प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे उभे करणे बंधनकारक आहे.

या मर्यादा कशासाठी, हे आपल्याच समाजाचा इतिहास सांगतो. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला आणि जन्म हाच संशयाचा आधार ठरवला. माणसाने काय केले हे न पाहता तो कोणाच्या पोटी जन्मला हे पाहिले जाऊ लागले. पोलिसांकडे हजेरी, गाव सोडण्यास बंदी, सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणातील वसाहती! १९५२ साली तो कायदा रद्द झाला. परंतु चोरी कोठेही होवो, पहिला संशय पारध्याच्या पालावर, ही वृत्ती कायद्यासोबत रद्द झाली नाही. तुळजापूर तालुक्यातील यमगरवाडीत गिरीश प्रभुणे आदी कार्यकर्त्यांनी पारध्यांच्या मुलांसाठी शाळा उभारली, ती या संशयाच्या छायेतून एक पिढी बाहेर यावी म्हणूनच. खुद्द इंग्लंडमध्येही १८२४ च्या भटकेगिरीविरोधी कायद्यातील केवळ संशयावर पकडण्याची तरतूद १९८१ साली मोडीत काढावी लागली.

म्हणून दिव्याच्या चाळीत राहणाऱ्याची भाषा, पेहराव, जात किंवा गरिबी हे संशयाचे कारण होऊ शकत नाही. ‘याच माणसाला, याच वेळी का हटकले?’ या प्रश्नाचे उत्तर पोलिसास देता आले पाहिजे. नागरिकाचेही कर्तव्य आहेच. कायदेशीर आदेश पाळावा, पळू नये, खोटे सांगू नये, अंगावर धावून जाऊ नये. तक्रार असल्यास वेळ, ठिकाण आणि पोलिसाच्या गणवेशावरील नाव टिपून वरिष्ठांकडे लेखी करावी.

निरपराध माणूस जितका निर्धास्तपणे पोलिसाशी बोलेल, तितकी खऱ्या गुन्हेगाराची खबर पोलिसांपर्यंत लवकर पोहोचेल. सकारण संशय पोलिसांचे बळ वाढवतो. अकारण संशय समाजालाच त्यांच्यापासून तोडतो. रात्रीच्या लोकलने उतरणाऱ्या त्या सुताराला गणवेश दिसताच धीर वाटावा, धडकी भरू नये. सुरक्षा म्हणतात ती हीच.