घरची जर्सी
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



मला सांगितलं गेलंय, 'परदेशातले अनुभव सांग, पण दहा मिनिटांत.' माझे अनुभव तुमच्यासारखेच आहेत : नोकरी, घराचे हप्ते, मुलांच्या शाळा. म्हणून मी आज एका खेळाडूबद्दल बोलणार आहे. मी ब्रिस्बेनला राहतो. तिथल्या लँग पार्क स्टेडियमबाहेर त्याचा पुतळा आहे. नाव आर्थर बीटसन. तिथे सगळे त्याला 'बिग आर्टी' म्हणतात.

खेळ रग्बी लीग. आपल्या मैदानावर कबड्डी खेळलेल्यांना तो चटकन कळेल. तेरा-तेरा खेळाडू, ऐंशी मिनिटं. चेंडू घेऊन समोरच्या भिंतीत घुसायचं, त्यांनी पकड करून पाडायचं, उठून पुन्हा घुसायचं. सहा वेळा पाडले गेलात की चेंडू त्यांचा. फॉरवर्ड म्हणजे यातलं ओझं वाहणारा गडी. टाळ्या पडतात कडेनं पळत जाऊन गुण घेणाऱ्याला. पण त्याच्यासाठी मधोमध मार खात संघ पुढे सरकवायचं काम फॉरवर्डचं. आर्टी शंभर किलोंच्या वरचा. दोघं-तिघं अंगाला लोंबकळत असतानाही तो हात मोकळा ठेवायचा आणि मागून येणाऱ्या साथीदाराला चेंडू द्यायचा. ती त्याची खासियत.

जन्म १९४५ चा, क्वीन्सलँड राज्यातल्या रोमा या गावचा. आई तिथल्या मूळनिवासी समाजातली. १९६६ मध्ये तो सिडनीच्या बालमेन क्लबात आला आणि त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाकडून खेळला. देशाची लोकसंख्या मोजताना मूळनिवासींना वगळणारं कलम तेव्हा तिथल्या राज्यघटनेत होतं. ते सार्वमतानं निघालं १९६७ मध्ये.

सुरुवात काही सरळ नव्हती. दमसास कमी, म्हणून लोक त्याला 'अर्ध्या सामन्याचा आर्टी' म्हणायचे. १९६९ मध्ये अंतिम सामन्याच्या आधीच्या लढतीत त्याला मैदानाबाहेर काढलं गेलं. बालमेननं विजेतेपद मिळवलं, तेव्हा हा बाहेर बसलेला! १९७१ मध्ये तो ईस्टर्न सबर्ब्स क्लबात गेला आणि तिथे त्याचा खेळ बहरला. १९७३ मध्ये त्यानं ऑस्ट्रेलियाचं नेतृत्व केलं. कुठल्याही खेळात देशाचा कर्णधार झालेला तो पहिला मूळनिवासी. १९७४ आणि १९७५ ला त्याच्या क्लबानं लागोपाठ विजेतेपद मिळवलं. १९७५ चा अंतिम सामना तर ३८-० असा एकतर्फी!

आता मूळ मुद्दा. क्वीन्सलँड विरुद्ध न्यू साउथ वेल्स हे सामने तिथे फार जुने. पण नियम असा, की तुमचा क्लब ज्या राज्यात, त्या राज्याकडून तुम्ही खेळायचं. सिडनीच्या क्लबांकडे जुगाराच्या यंत्रांचा पैसा होता. क्वीन्सलँडचा चांगला गडी दिसला की ते घेऊन जायचे आणि मग तोच गडी निळी जर्सी घालून आपल्याच गाववाल्यांना हरवायला यायचा. आर्टीही न्यू साउथ वेल्सकडून खेळला. क्वीन्सलँडची लाल जर्सी एकदाही नाही. त्याचा दोष नव्हता, पोट तिकडे होतं. आपल्यापैकी निम्म्या लोकांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

१९८० मध्ये एक प्रयोग झाला. मालिकेतले पहिले दोन सामने क्वीन्सलँड हरलं होतं. तिसऱ्याला ठरलं, की जो जिथला, त्यानं तिथून खेळायचं. सिडनीत अनेकांना ही कल्पना पोरकट वाटली. आर्टी तेव्हा पस्तीस वर्षांचा, पॅरामाटा क्लबाच्या राखीव संघात खेळणारा. क्वीन्सलँडनं त्यालाच कर्णधार केलं. ८ जुलैला लँग पार्कवर तो लाल जर्सीत संघ घेऊन उतरला. समोर मिक क्रोनिन, पॅरामाटाचाच, त्याच्याच क्लबातला सोबती. त्या सामन्यात आर्टीनं क्रोनिनवर केलेल्या पकडीची गोष्ट आजही सांगतात. दर वेळी सांगताना ती थोडी फुगते हे खरं. पण त्या रात्री लोकांना एक कळलं, की हा म्हातारा सत्कार घ्यायला आलेला नाही, खेळायला आलाय. क्वीन्सलँड जिंकलं, २०-१०. तेव्हापासून 'स्टेट ऑफ ओरिजिन' दरवर्षी होतं आणि त्या रात्री आमच्या ऑफिसात कामाचं कुणी बोलत नाही.

पुढे आर्टी क्वीन्सलँडचा प्रशिक्षक झाला. २००३ मध्ये त्याला 'इमॉर्टल' हा तिथला सर्वोच्च मान मिळाला. २०११ मध्ये तो गेला.

हे सगळं आज का सांगतोय? सोळा वर्षांपूर्वी शाळेनं मला विचारलं होतं, 'महिनाभर सुट्टी काढून कबड्डीच्या पोरांना शिकवशील का?' मी शाळेचा डावा कोपरा होतो, सरांना ते आठवत होतं. मी मॅटसाठी पैसे पाठवले आणि सुटलो. पावतीसोबत सरांचं पत्र आलं, 'मॅट मिळाली. तू कधी येतोस?' त्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. आज सर समोरच्या रांगेत नाहीत, हे तुम्हाला दिसतंच आहे.

काल मैदानावर गेलो होतो. आपल्या वेळी दहावीच्या चार तुकड्या होत्या, आता एक आहे. संघाला सात पोरं जमवताना शिक्षकांची दमछाक होते. मॅट गुंडाळून कोपऱ्यात ठेवलीय.

म्हणून मी ठरवलंय. पुढच्या जूनपासून दरवर्षी सहा आठवडे मी इथे असेन. गुडघा दुखतो, चढाई जमणार नाही. पकड कशी करायची ते अजून दाखवू शकतो. तुमच्यात कुणी गणितवाला असेल, कुणी तबला वाजवणारा, कुणी नुसता शुद्ध मराठी लिहिणारा. आपण सगळेच आयुष्यभर दुसऱ्यांच्या जर्सीत खेळलो, त्यात लाज काही नाही. पण हार-तुरे घ्यायला येणं वेगळं आणि घाम गाळायला येणं वेगळं.

शिपाईकाकांना विचारलंय. मैदानाचं फाटक सकाळी साडेसहाला उघडतं. ज्यांना यायचंय त्यांनी जेवणाच्या आधी माझ्याकडे नाव द्यावं, वही आणलीय.