दुखऱ्या खांद्याला काम द्या

दोरीवर ओली चादर टाकताना, फळीवरचा डबा काढताना खांद्यात कळ येते. रात्री त्या कुशीवर झोपवत नाही. चाळिशीनंतर ही तक्रार फार दिसते. यावर कोणता उपचार चांगला, ते सांगा, असं आकाशवाणीने मला सुचवलं.

खांद्याचा गोळा खोबणीत नीट धरून ठेवणारे चार स्नायू असतात. ते हाडाला ज्या दोरीने जोडलेले असतात ती म्हणजे कंडरा. तिला झेपेल त्याहून जास्त काम पडलं की ती दुखते.

पेशंट आले की पहिला प्रश्न, "मशीन कधी लावणार?" शेकाने बरं वाटतं, पण तेवढ्यापुरतं. अल्ट्रासाऊंडच्या मशीनचा चाचण्यांमध्ये फारसा फायदा दिसलेला नाही. इंजेक्शनने काही आठवडे आराम पडतो. ब्रिटनमध्ये ७०८ रुग्णांचा एक अभ्यास झाला, २०२१ साली तो प्रसिद्ध झाला. इंजेक्शन घेतलेले आणि न घेतलेले, वर्षभराने सारखेच! आणि सहा वेळांपर्यंत बोलावून ज्यांच्याकडून व्यायाम करवून घेतला ते, आणि एकदाच नीट समजावून घरी पाठवले ते, तेही सारखेच.

म्हणजे काम होतं ते घरी. म्हणून माझा आवडता व्यायाम सांगते. भिंतीला दुखरी बाजू करून उभे राहा. काखेत टॉवेलची गुंडाळी, कोपर काटकोनात. आता पंजाची मागची बाजू भिंतीवर दाबा. हात हलू द्यायचा नाही, नुसता दाब. दहा अंक मोजा, सोडा. असं पाच वेळा. ते सोपं झालं की रबरी पट्टा, मग पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली. थोडं दुखेल, दुखू द्या. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत शमलं तर माप बरोबर. नाही शमलं तर कमी करा. पुन्हा सांगते, कमी करा, बंद करू नका.

इथे थोडं रागावते. चार दिवस करता, दुखायचं थांबलं की सोडता, आणि महिन्याने परत येता. कंडरा सावकाश सुधारते, तिला तीन महिने तरी द्या. गळ्यात झोळी अडकवून बसलात तर ती आणखी कमजोर होईल.

वेळ संपत आली. खांदा आखडून दुसऱ्याने उचलला तरी वर जात नसेल, तर तो आजार वेगळा. मधुमेह असणाऱ्यांमध्ये तो जास्त दिसतो. पडल्यानंतर हात उचलेनासा झाला तर लगेच दाखवा. आणि खांदेदुखीबरोबर छातीत दडपण, घाम असेल तर व्यायाम नाही, थेट दवाखाना.