हवालदार दादा

दादा कोंडके म्हटलं की अर्धी चड्डी, तिची लोंबती नाडी आणि द्व्यर्थी संवाद डोळ्यांपुढं येतात. मला आज बोलायचंय ते त्यांनी रंगवलेल्या हवालदाराबद्दल.

दादांचा जन्म १९३२चा. वाढले मुंबईच्या गिरणगावात, गिरणी कामगाराच्या घरात. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकानं त्यांना लोकांसमोर उभं राहायला शिकवलं. पुढं लेखक वसंत सबनीसांच्या 'छपरी पलंगाच्या वगा'चं 'विच्छा माझी पुरी करा' झालं आणि १९६५पासून या लोकनाट्यानं महाराष्ट्र गाजवला.

त्यातला हवालदार म्हणजे दादा. गोष्ट साधी. कोतवाल मरतो. बढतीवर खरा हक्क हवालदाराचा, पण प्रधान आपल्या मेव्हण्याला त्या जागेवर बसवतो. मग हवालदार मैनावती नावाच्या बाईला हाताशी धरतो, ती नव्या कोतवालाकडं चक्क राजाचा छपरी पलंग मागते, आणि तिच्या नादानं कोतवाल तो पलंग चोरतो! वशिल्यापायी ज्याची बढती हुकली, असा माणूस प्रेक्षकांत रोज बसलेला असायचा. हवालदार बोलायला लागला की त्याला आपलंच गाऱ्हाणं ऐकू यायचं.

यात दादांची खरी ताकद होती ती उत्स्फूर्ततेची. गण, गवळण, बतावणी, वग ही तमाशाची चौकट. तिच्यात नटाला पदरचं घालायची मुभा असते. सकाळच्या पेपरातली बातमी रात्रीच्या प्रयोगात यायची. समोरचा प्रेक्षक कसा आहे ते हेरून दादा वाक्य सोडायचे, हशा ओसरेपर्यंत थांबायचे आणि मग दुसरं सोडायचे. सत्तेतल्या माणसांवरची टीका अशी शेवटच्या रांगेपर्यंत पोचायची.

मग सिनेमा आला. भालजी पेंढारकरांचा 'तांबडी माती' १९६९ साली, स्वतःचा 'सोंगाड्या' १९७१ साली. सलग नऊ चित्रपटांच्या रौप्यमहोत्सवांमुळं गिनीज बुकात नाव. हे यश मोठंच, आणि त्यांच्या चित्रपटांना नाकं मुरडणाऱ्यांत मी नाही. पण सिनेमाची पटकथा आधी ठरते, सेन्सॉरपुढून जाते, महिन्यांनी पडद्यावर येते. आजच्या बातमीवर आजच बोलायची सोय तिथं नाही. दादांचा राजकीय विनोद तिथं मागं पडला, याची मला मनापासून हळहळ वाटते.

सबनीसांची संहिता छापलेली आहे. त्या ओळींच्या मधे दादा जे बोलले, ते मात्र ऐकणाऱ्यांच्या आठवणीत उरलंय. तुमच्यापैकी कुणी 'विच्छा' पाहिलं असेल, घरात कुणी आजी-आजोबा असतील, तर हवालदार त्या रात्री काय बोलला होता, ते आठवेल तेवढं लिहून ठेवा.